इसार कुणी दिला होता?

एप्रिल २०२१चा दुसरा आठवडा. सातारा जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या दारात आईला घेऊन सकाळी सातला रांगेत उभा होतो. साडेनऊच्या सुमारास आतून एक जण आला, फळ्यावर खडूने 'लस संपली आहे' असं लिहिलं आणि काही न बोलता आत गेला. रांगेतून लगेच आवाज आला, "संपली न्हाई भाऊ, परदेशाला गेली." लोक हसले. मीही हसलो, आणि घरी गेल्यावर शेजाऱ्यांना तेच वाक्य माझं म्हणून ऐकवलं. आज त्याच वाक्याचं खंडन करायला बसलोय, म्हणजे थोडं स्वतःचंही.

राग खोटा नव्हता, हे आधीच मान्य करून टाकतो. ७ एप्रिलला राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं होतं, की १४ लाख डोस उरलेत, तीन दिवस पुरतील. त्याच दिवशी केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी पत्रक काढून महाराष्ट्र सरकार स्वतःचं अपयश झाकतंय असा ठपका ठेवला. या दोघांची जुगलबंदी टीव्हीवर रंगत असतानाच साताऱ्यात आणि सांगलीत लसीकरण थांबलं. बेड मिळत नव्हते, रेमडेसिविरसाठी लोक कऱ्हाड, मिरज, कोल्हापूर पालथं घालत होते. अशा वेळी 'आमची लस गेली कुठं' हे विचारणाऱ्याला कृतघ्न किंवा देशद्रोही म्हणणारा माणूस त्या रांगेत उभा राहिलेला नव्हता, एवढंच म्हणतो.

तर पूर्वपक्ष असा: घरची माणसं श्वासासाठी तडफडत असताना नेत्याने जगात नाव कमावण्यासाठी लस वाटली. मे महिन्यात याच आशयाची पोस्टरं दिल्लीच्या भिंतींवर लागली आणि ती चिकटवणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं. पोस्टरासाठी अटक हा निव्वळ आडमुठेपणा. पण अटक झाली म्हणून पोस्टरवरचं म्हणणं आपोआप खरं ठरत नाही. ते हिशेबाने तपासावं लागेल.

२० जानेवारी २०२१ला भूतान आणि मालदीवला पहिली खोकी निघाली. वसंत ऋतूत निर्यात आखडेपर्यंत सुमारे ६ कोटी ६४ लाख डोस नव्वदहून अधिक देशांत गेले. त्यातले भेट म्हणून फुकट दिलेले १ कोटी ७ लाख. जवळपास ३ कोटी ५८ लाख रोख विकलेले. उरलेले २ कोटींच्या आसपास 'कोव्हॅक्स' या जागतिक योजनेला गेले. आता आपल्या दारापर्यंत येऊ. २०११च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या ३० लाख, सांगलीची २८ लाख. भेट दिलेली लस देशात डोईमागे वाटली असती तर साताऱ्याला साडेसव्वीस हजार आणि सांगलीला पंचवीस हजार डोस आले असते. माणशी दोन धरले तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून पंचवीस-सव्वीस हजार माणसं. सगळीच निर्यात धरली तर मात्र ३ लाख २० हजार डोस होतात. हा आकडा लहान आहे असं मी म्हणणार नाही. त्या एप्रिलमध्ये साठीपुढच्या माणसाला मिळालेला एकेक डोस मोलाचा होता.

पण हे ३ लाख २० हजार डोस 'आपले' होते का? इथेच गाडी अडते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्याचा इसार, त्याचा माल. बैलबाजारात, गुळाच्या अड्ड्यावर, जमिनीच्या व्यवहारात हाच कायदा. नंतर येऊन 'मी गावचा आहे, मला आधी द्या' म्हणणाऱ्याला व्यापारी चहा पाजेल, पोतं देणार नाही. कोविशील्ड पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली, पण तिचं संशोधन ऑक्सफर्डचं आणि परवाना अॅस्ट्राझेनेकाचा, तोही गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना लस पुरवायच्या बोलीवर. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२०मध्ये, लस चालेल की नाही हेही ठरलेलं नसताना, 'गावी' ही जागतिक लससंस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी सीरमला ३० कोटी डॉलरचं पाठबळ दिलं. बांगलादेशाने नोव्हेंबर २०२०मध्ये ३ कोटी डोसांचा करार केला आणि आगाऊ पैसे मोजले. नेपाळने २० लाख डोसांसाठी बरीचशी रक्कम आधीच भरली. ब्रिटन आणि अमेरिका तर मे २०२०पासूनच करोडो डोसांची नोंदणी करून बसले होते.

आणि आपण? २८ नोव्हेंबर २०२०ला पंतप्रधान स्वतः सीरममध्ये येऊन गेले. छायाचित्रं छान आली. पहिली ऑर्डर निघाली ११ जानेवारी २०२१ला, १ कोटी १० लाख कोविशील्डची. देशात प्रौढ माणसं ९४ कोटींच्या घरात. मोठी आगाऊ रक्कम जाहीर झाली ती एप्रिलच्या उत्तरार्धात, स्मशानांबाहेर रांगा लागल्यावर. माझा आरोप असेल तर तो या तारखांवर आहे. भूतानला साडेपाच लाख डोस का दिले, हा प्रश्न मला लहान वाटतो. नोव्हेंबरात कारखान्यात उभं असताना इसार का दिला नाही, हा मोठा. पैसा नव्हता असंही नाही. मे महिन्यात मुंबई महापालिकेने १ कोटी डोसांसाठी जागतिक निविदा काढली, तेव्हा पैसे घेऊन उभं राहिलं तरी माल कसा मिळत नाही हे सगळ्यांनी पाहिलं. रांगेतला नंबर उशिरा लागला की नोटांचा उपयोग होत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण एकाच बाजूला झोडपून खंडन पुरं होत नाही. जानेवारीत आमच्या ग्रुपवर एक चित्र फिरलं: ब्राझीलचे अध्यक्ष बोल्सोनारो यांनी आभार मानताना टाकलेला, द्रोणागिरी घेऊन उडणारा मारुती. २० लाख डोस पोचले होते. 'विश्वगुरू', 'जगाला तारणारा नेता' अशी भाषा सुरू झाली. ब्राझीलचे ते डोस मुळात विकत घेतलेले होते हे कुणी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. 'लसमैत्री' या एका नावाखाली भेट, विक्री आणि कराराचं देणं, सगळं एकाच पोत्यात भरलं. मग वारं फिरलं. १२ मेला भाजपचे प्रवक्ते संबित पात्रा यांनी खुलासा केला, की ८४ टक्के माल व्यापारी करार आणि परवान्याची बंधनं यांमुळे गेला, मदत म्हणून फक्त १ कोटी ७ लाख. खुलासा आकड्यांनी बरोबर होता. पण मग जानेवारीत टाळ्या कशाच्या घेतल्या? कौतुकाच्या वेळी साडेसहा कोटी आणि जबाब देताना एक कोटी, अशी वही आमच्याकडच्या पतसंस्थेनेही चालवली नसती. (चालवणाऱ्या काही निघाल्या, त्यांचं काय झालं ते ठेवीदारांना ठाऊक आहे.)

विरोधकही सोवळे नव्हते. जानेवारीत 'आमच्यावर प्रयोग नको' म्हणणारे एप्रिलमध्ये 'आमची लस का दिली' म्हणू लागले. कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लसीच्या चाचण्यांबद्दलची शंका रास्त होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण फेब्रुवारीत खुद्द आरोग्य कर्मचारी दंड पुढे करायला कचरत होते, मार्च उजाडला तेव्हा देशभरात दीड कोटीही डोस टोचून झाले नव्हते, हे त्यांनी सोयीस्कर विसरून टाकलं. मला यातून एकच दिसतं: मदतीबद्दलचं आपलं मत आपण मदतीकडे बघून बनवत नाही, फोटोकडे बघून बनवतो. नेता आवडता असला की दिलेली लस औदार्य, नावडता असला की दिखाऊपणा. तारीख, करार, संख्या कुणी बघत नाही.

ज्यांना 'आधी घर, मग दार' हे आपल्या मातीचं शहाणपण वाटतं, त्यांना मी १९७१ची आठवण करून देतो. पूर्व बंगालमधून १ कोटीच्या आसपास निर्वासित आले, छावण्यांत पटकीने माणसं मरू लागली. बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले ते तेव्हाच. या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१पासून पाकिटावर ५ पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. अर्थमंत्री कोण? यशवंतराव चव्हाण. जन्म देवराष्ट्र्याचा, कर्मभूमी कऱ्हाड. आज एक गाव सांगलीत आणि दुसरं साताऱ्यात. १९४९मध्ये दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत दोन्ही एकाच जिल्ह्यात होती. आणि तो काळ आमच्याकडे कसला होता? माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ सगळे दुष्काळात होरपळत होते. बहात्तरच्या उन्हात खडी फोडायला गेलेली बाई मुंबईच्या गिरणीतल्या नवऱ्याला पाकीट धाडायची, तर त्यावर बंगालच्या निर्वासितासाठी ५ पैसे मोजायची. संध्याकाळी तिच्या तव्यावर भाकरी असायची ती अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची. घेणं आणि देणं एकाच घरात, एकाच दिवशी चाललं होतं. कुणी हौसेने दिलं असेल, कुणी कुरकुरत. पण किती दिलं, कशासाठी दिलं हे तिकिटावर उघड होतं, आणि त्या तिकिटावर कुठल्या नेत्याचा चेहरा नव्हता.

घेण्याचाच विषय निघाला तर मिरज टाळून चालणार नाही. तिथल्या वैद्यकीय लौकिकाची पायाभरणी विल्यम वानलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टराने केली. १८९४मध्ये उभं राहिलेलं ते रुग्णालय अमेरिकेतल्या देणगीदारांच्या पैशांवर उभं होतं. तिथल्या एखाद्या चर्चमध्येही कुणीतरी विचारलं असेलच, की आपल्या गावात आजारी माणसं नाहीत का? त्या प्रश्नाला त्यांनी मान तुकवली असती तर आमच्या आज्या-पणज्या ऑपरेशनला कुठे गेल्या असत्या कोण जाणे. मिशनचा धर्मप्रसाराचा हेतू होता, मला माहीत आहे. लसमैत्रीतही हेतू होताच, चीनला शह द्यायचा. हेतू शुद्ध असल्याशिवाय मदत घ्यायची किंवा द्यायची नाही असं ठरवलं तर जगात कुणी कुणाला पेलाभर पाणी देणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की देणं योग्य होतं. भूतानने आपल्याकडून गेलेल्या डोसांवर २७ मार्चपासून आठवडाभरात बहुतेक सगळ्या प्रौढांना टोचून दाखवलं. त्याच भूतानने एप्रिलअखेर आसामसाठी रोज ४० टन ऑक्सिजन देऊ केला. बांगलादेशाने रेमडेसिविरच्या १० हजार कुप्या पाठवल्या. केनियाने १२ टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले, तेव्हा भुईमुगाच्या वावरात वाढलेली आमची माणसं त्या शेंगदाण्यांना हसली, याची मला आजही लाज वाटते. अयोग्य काय होतं ते पुन्हा सांगतो: घरची मागणी वेळेत न नोंदवणं, आणि मग ती चूक झाकायला इसार दिलेल्याचा माल अडवणं. बांगलादेशाने ३ कोटी डोस ठरवले, हातात पडले ७० लाख. नेपाळला २० लाखांपैकी १० लाख. ढाक्यात पहिला डोस घेतलेले लाखो लोक दुसऱ्यासाठी ताटकळले. साताऱ्याच्या रांगेत आईला जे वाटलं तेच तिकडच्या एखाद्या म्हातारीला वाटलं असणार. फरक इतकाच, की तिच्या देशाने पैसे भरलेले होते.

राहता राहिली फोटोची गोष्ट. परदेशी गेलेल्या भेटीच्या खोक्यांवर छापलं होतं, की ही भारताच्या जनतेची आणि सरकारची भेट. म्हणजे मालदीवच्या मालेमध्ये खोकं उतरलं तेव्हा त्यावर माझ्या आईचा उल्लेख होता. तिला स्वतःला लस मिळाली तेव्हाच्या प्रमाणपत्रावर मात्र पंतप्रधानांचं छायाचित्र. २०१९च्या महापुराची आठवण झाली. कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यातून माणसं बाहेर काढली जात असताना शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात गहू-तांदळाच्या पाकिटांवर मुख्यमंत्री आणि आमदाराचे फोटो चिकटवलेले दिसले, तेव्हा पक्ष न बघता लोक खवळले होते. शिळ्या पोळ्या नि बिस्किटांचे पुडे घेऊन राज्यभरातून जे टेम्पो सांगलीत आले, त्यांच्यावर कुणाचं नाव होतं? गावाचं. फार तर तरुण मंडळाचं.

अडलेला पुरवठा पुन्हा सुरू झाला तो ऑक्टोबर २०२१मध्ये. बांगलादेश, नेपाळ, म्यानमार, इराण, दहा-दहा लाख. तोवर आईचे दोन्ही डोस झाले होते, रांग संपली होती. आमच्या पारावर त्या बातमीचं कुणी नावही काढलं नाही. त्या दिवसांत चर्चा एकाच गोष्टीची होती: उसाचा हमीभाव (एफआरपी) एकरकमी मिळणार की तीन तुकड्यांत.