संकल्पनाचे शिक्षण अकरावीपासूनच

दहावीचा निकाल लागला की अकोला आणि अमरावती या दोन्ही शहरांत एकच धांदल उडते. गुणपत्रिका हाती येण्याआधीच शिकवणी वर्गातील जागा राखून ठेवलेली असते. पुढे ‘नीट’ की सीईटी, एवढाच काय तो प्रश्न उरतो. खेड्यापाड्यांतील मुले शहरात खोली घेऊन राहतात आणि आईबाप पोटाला चिमटा घेऊन तो खर्च सोसतात. त्यांच्या त्यागाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आयुष्यातील या सर्वांत उमेदीच्या दोन वर्षांत मुलाच्या हाताला आणि नजरेला कोणते वळण लागते, याचा विचार कुणी करावयाचा?

वास्तविक, मार्ग अगदीच नाही असे नव्हे. राज्याच्या उच्च माध्यमिक शिक्षणात द्विलक्ष्यी विषयांची सोय अनेक वर्षांपासून आहे. दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय सोडून विद्यार्थ्याला मेकॅनिकल मेंटेनन्स, इलेक्ट्रॉनिक्स, जनरल सिव्हिल इंजिनिअरिंग यांसारखा 200 गुणांचा तांत्रिक विषय घेता येतो. त्यातील निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे असतात. मात्र ‘हमखास गुण देणारा विषय’ अशीच त्याची ख्याती झाली आहे. प्रात्यक्षिकाची वही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकमेकांची पाहून भरली जाते आणि कार्यशाळेतील यंत्रावर धूळ साचते.

त्याहून मूलभूत उणीव वेगळी आहे. या विषयांचा सारा भर देखभाल-दुरुस्तीवर आहे. बिघडलेली वस्तू दुरुस्त करणे आणि नसलेली वस्तू घडविणे यांत अंतर आहे. कुणाची अडचण नेमकी काय, हे आधी पाहायचे. मापे घ्यायची, आराखडा काढायचा, नमुना बनवायचा, तो फसला तर कारण शोधून पुन्हा बनवायचा. या शिस्तीला संकल्पन, अर्थात डिझाइन म्हणतात. इंग्लंडमध्ये 2017 पासून आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांना ‘डिझाइन इंजिनिअरिंग’ हा स्वतंत्र विषय घेता येतो. त्याचे निम्मे गुण लेखी परीक्षेचे, तर निम्मे विद्यार्थ्याने स्वतः शोधलेल्या प्रश्नावर स्वतः घडविलेल्या वस्तूचे. गुणांची वाटणी आपल्यासारखीच आहे. फरक आहे तो त्या निम्म्या गुणांत काय मागितले जाते याचा.

हे परक्यांचे अनुकरण ठरेल, असे मानण्याचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकावयास गेले. रंग ओळखण्यातील दोषामुळे चित्रकला सुटली, पण यांत्रिक रेखांकन हाती लागले आणि पुढे त्यातूनच लोखंडी नांगर उभा राहिला. लोखंडाने जमीन विषारी होते, ही शेतकऱ्यांची समजूत होती. तिच्याशी झगडत, शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन त्यांनी तो नांगर रुजविला. रेखाटणारा हात आणि माती जाणणारी नजर एकत्र आल्यावर काय घडते, याचा हा आपल्याच घरचा दाखला आहे.

वऱ्हाडात तर असे प्रश्न पावलोपावली आहेत. कपाशीची वेचणी आजही बहुतांशी बायाबापड्यांच्या बोटांवर चालते. ओटीत कापूस घेऊन दिवसभर वाकणाऱ्या त्या माउलीची कंबर हा संकल्पनाचाच विषय आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील गावे खाऱ्या पाण्याशी झुंजत आहेत. येथील बुद्धी तोकडी नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या छोट्या डाळमिलमुळे तुरीची डाळ गावातच करणे शक्य झाले. मेळघाटात लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने बांबूला आणि कोरकू कारागिराच्या हाताला नवे मोल दिले.

पालकांचा आक्षेप रास्त आहे. प्रवेश सीईटीच्या गुणांवर मिळतो. मूल नमुने घडवीत बसले तर स्पर्धेत मागे पडेल. ही भीती उपदेशाने जाणार नाही. परंतु अभियांत्रिकी प्रवेशाच्या पात्रतेत रसायनशास्त्राऐवजी तांत्रिक विषयही ग्राह्य धरला जातो. बारावीला तो विषय असल्यास तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. आयआयटी मुंबईमार्फत 2015 पासून होणारी ‘यूसीड’ ही डिझाइनची प्रवेश परीक्षा तर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुली आहे. या वाटा किती घरांत ठाऊक आहेत?

म्हणून आरंभ लहान असावा. द्विलक्ष्यी विषयाच्या प्रात्यक्षिकात प्रत्येक विद्यार्थ्याला गावातील एक अडचण शोधून तिच्यावरील नमुना करणे अनिवार्य करावे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 पासून आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ 1969 पासून उभे आहे. त्यांच्या कार्यशाळा रविवारी या मुलांसाठी उघडाव्यात. निवृत्त अभियंते, कसलेले सुतार-लोहार आणि गॅरेजवाले यांना शिक्षकाचा मान द्यावा. यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. गावोगावच्या शिक्षणसंस्था आणि कार्यकर्ते मनावर घेतील तर येत्या सत्रातही हे जमेल.

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 रोजी झाली. कापूस वऱ्हाडचा, जमीन वऱ्हाडची. परंतु तेथील यंत्रांचे आणि वस्त्रांचे आराखडे बाहेरून आले, तर वऱ्हाडच्या मुलांच्या वाट्याला दारावरची पहारेकऱ्याची खुर्ची तेवढी उरेल. हे टाळावयाचे तर हातातली पेन्सिल आजच्या अकरावीतच धारदार व्हावयास हवी.