पहिला धडा छापण्याचा असावा

जपानी पद्धतीची रंगीत काष्ठठशांची चित्रे नवशिक्यांना शिकविणारे वर्ग आता जपानबाहेरही ठिकठिकाणी भरतात. विद्येचा प्रसार होतो म्हणून आम्हांला आनंदच व्हावयास हवा. परंतु अशा कित्येक वर्गांतील रीत पाहिली म्हणजे आनंदापेक्षा चिंता अधिक वाटते. पहिल्याच सकाळी विद्यार्थ्याच्या हाती कोरणी दिली जाते, होकुसाईच्या लाटेची नक्कल फळीवर उतरविली जाते, रुळाने तेलाची शाई फासली जाते आणि सायंकाळी एक चित्र हाती देऊन त्याची बोळवण होते. चित्र घरी गेले; विद्या मात्र उंबरठ्यावरच राहिली. आमचे मत याच्या उलट आहे. नवशिक्याला पहिला धडा छापण्याचा द्यावा, आणि तो पाणी, खळ व ओलसर कागद घेऊनच द्यावा.

जपानातील छपाईचे जे अतिप्राचीन नमुने टिकून आहेत, ते देवळांच्या आश्रयानेच टिकले. आठव्या शतकात सम्राज्ञी शोतोकू हिने दहा लक्ष लहान लाकडी स्तूप करविले, प्रत्येकात एक छापील धारणी ठेवविली आणि इ. स. ७७० च्या सुमारास ते दहा मंदिरांना अर्पण केले. 'धारणी' हा शब्द संस्कृतातला, हे आमच्या वाचकांस सांगणे नको. ज्याला जपाची सवय आहे, त्याला या उपक्रमातील भाव सहज कळेल. तेच अक्षर पुन्हा पुन्हा, तितक्याच सावधपणे उमटविणे हीच छपाईची साधना होय. पुढे १७६५ साली एदो नगरीत सुझुकी हारुनोबूच्या हातून बहुरंगी चित्रे निघाली व त्यांस 'निशिकि-ए', म्हणजे किनखापी चित्रे, असे नाव पडले; तेव्हाही कसोटी हीच होती.

ती किनखाप एकट्या चित्रकाराने विणली नव्हती. प्रकाशक, चित्रकार, कोरणारा व छापणारा अशा चौघांचे ते काम. चित्रकाराचे पातळ कागदावरील रेखाटन फळीवर उलटे चिकटवीत आणि कोरणारा त्यातूनच कोरीत जाई. मूळ रेखाटन तेथेच नष्ट होई. चित्रकाराचे नाव जगभर झाले, कोरणारे व छापणारे बहुधा अनामिक राहिले. सभामंडपाच्या खांबांवरील वेलबुट्टी ज्यांनी कोरली, त्यांची नावे तरी आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहेत? आजचे घाईचे वर्ग हा जुना अन्याय पुढे चालवितात. कारण चित्र तेवढे खरे, छापणे ही शेवटची किरकोळ क्रिया, असेच विद्यार्थी तेथून शिकून जातो.

वास्तविक त्या क्रियेतच सारे मर्म आहे. फळीच्या एका कोपऱ्यात काटकोनी व तिच्याच कडेला थोड्या अंतरावर सरळ अशी खूण कोरलेली असते. तिला 'केन्तो' म्हणतात. प्रत्येक रंगाची फळी वेगळी. कागद दर वेळी याच खुणांना टेकवून ठेवला, तरच रंग आपापल्या जागी बसतात. कागद सारखा ओलसर राखावा लागतो. मध्येच तो सुकला तर आकसतो आणि केन्तो कितीही अचूक असला तरी रंग सरकतात. ब्रशाने फळीवर रंग व तांदळाची खळ एकजीव करावयाची, आणि बांबूच्या आवरणात गुंडाळलेल्या 'बारेन' नावाच्या चकतीने कागद पाठीमागून घासावयाचा. तेव्हा रंग कागदाच्या तंतूंत मुरतो. तेलाची शाई वाईट, असे आम्ही म्हणत नाही. यूरोपीय ठसेचित्रांची ती स्वतंत्र विद्या आहे. पण तिला जपानी नाव देऊन विकणे हा सरळसरळ खोटेपणा होय.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, १९०४ साली यामामोतो कानाए याने 'कोळी' हे चित्र स्वतःच रेखाटून, कोरून व छापून चौघांची परंपरा मोडली. मग नवशिक्याने एकट्याने सारे का करू नये? अवश्य करावे. परंतु यामामोतो लहानपणापासून लाकूड कोरण्याच्या कारखान्यात उमेदवारी करून तयार झाला होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. त्याचे स्वातंत्र्य हवे आणि त्याची उमेदवारी मात्र नको, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप असा की, नुसते छापण्यात नवशिक्याला गोडी वाटणार नाही. योशिदा हिरोशीचे उदाहरण पाहावे. हा नामांकित चित्रकार चाळिशी उलटल्यावर ठसेचित्रांकडे वळला आणि कोरणारे व छापणारे पदरी असतानाही त्यांची कामे स्वतः शिकला. १९३०-३१ मध्ये तो हिंदुस्थानात येऊन गेला. अजिंठा व ग्वाल्हेरचा किल्ला त्याच्या ठशांत उतरले आहेत. आपल्या चित्रांच्या समासात तो 'जिझुरी', म्हणजे स्वतः छापलेले, अशी मुद्रा उमटवी. चित्रकार म्हणून कीर्ती मिळविलेल्याला ज्या शब्दाचा अभिमान वाटला, त्यात गोडी नाही असे कोणी म्हणावे?

म्हणून शिक्षकांस आमचे सांगणे एवढेच. विद्यार्थ्यास प्रथम तयार फळी द्या आणि एका रंगात दहा कागद छापवून घ्या. दहाही सारखे निघेपर्यंत पुढे जाऊ नका. नंतर दोन फळ्या द्या, म्हणजे केन्तोचे महत्त्व त्याचे त्यालाच कळेल. मोकळी केलेली जागा उथळ राहिली की ओला कागद तेथे टेकून डाग पडतो, हे ज्याने छापताना पाहिले, तोच पुढे कोरणी योग्य खोलीवर चालवील. मग त्याला पोस्टकार्डाएवढी फळी द्या; होकुसाईची लाट राहू द्या, अंगणातले एक पान पुरे.

यात वेळ जाईल, काही विद्यार्थीही जातील. पण जे राहतील त्यांना बारेन, ब्रश व हातकागद यांची खरी गरज भासेल, आणि त्या वस्तू घडविणाऱ्यांचे हात त्या गरजेवरच चालतात. नुसती चित्रे घरी नेणाऱ्यांच्या गर्दीने ते हात चालावयाचे नाहीत.