चौक बायकांचा, नाव कोणाचे?

निसर्गचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर, नदी आणि काठावरची झोपडी येते. माणूस असलाच तर शोभेपुरता. वारली चित्रातला निसर्ग असा रिकामा नसतो. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (1934-2018) यांच्या चित्रांत भाताची खाचरे, मासे धरायचे जाळे, मुंग्यांची रांग, सगळे कामात असते. राबणाऱ्या माणसाने पाहिलेला हा निसर्ग आहे. आई गेल्यावर अबोल झालेला, मातीत रेघा ओढून मन मोकळे करणारा हा मुलगा 1989 मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनापर्यंत पोचला. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याचा अभिमान आपल्यालाही आहे.

पण एक प्रश्न विचारायलाच हवा. ही कला मुळात कोणाची?

लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा तो सवाशिणींनी. मध्ये पालघट देवी, सोबत चंद्र, सूर्य, फणी, शिडी. भोवती झाडे, जनावरे, नाचणारी माणसे. गाणी म्हणत विधी चालवणारी धवलेरीही बाईच. म्हणजे म्हसे यांनी कागदावर आणलेला निसर्ग त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातून भिंतीवर उतरत होता. त्याला मोल नव्हते, की खाली नाव नव्हते.

1970च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन या भागात आले. चित्र भिंतीवरून सुटले, मुंबईच्या गॅलरीत गेले, विकले जाऊ लागले. आणि नेमके तेव्हापासून चित्रकार म्हणून पुरुषांची नावे पुढे आली. स्वयंपाकापासून शिवणकामापर्यंत आपण हेच पाहत आलो. घरात फुकट असते तोवर ते बाईचे काम. पैसा आणि मान आला की तो पुरुषाचा व्यवसाय.

‘बायका पुढे आल्याच नाहीत,’ असे उत्तर मिळते. मग मिथिलेकडे पाहा. 1960च्या दशकातल्या दुष्काळात हेच कुलकर्णी असाच कागद घेऊन मधुबनीत गेले होते. तिथल्या जगदंबा देवींना 1975 मध्ये, सीता देवींना 1981 मध्ये आणि गंगा देवींना 1984 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथेही भिंती बायकाच रंगवत होत्या. बाईला कागदावर चित्र काढणे जमत नाही, हे म्हणणे तिथेच खोटे ठरले. प्रश्न आहे तो दिवसभर कागदापुढे बसायला कोणाला मोकळीक होती, याचा. पाणी, सरपण, पोरे आणि लावणी सोडून मुंबईला कोण जाऊ शकत होते, याचा.

म्हणून जुन्या प्रथेचे गोडवे गायचे असेही नाही. सवाशीण म्हणजे जिचा नवरा जिवंत आहे ती. चौक लिहायचा हक्कही नवऱ्याच्या जिवाशी बांधलेला होता. कागद मात्र कोणाचा नवरा विचारत नाही. विधवा, परित्यक्ता, लग्न न केलेली, कोणीही त्यावर चित्र काढू शकते. बाजाराने दिलेली ही एक वाट खरी मोलाची आहे. ती बायकांसाठी मोकळी ठेवणे आपल्या हातात आहे.

सरावलीपासून बोईसर-तारापूरपर्यंत औद्योगिक वसाहत पसरली. तिच्या आसपासच्या पाड्यांवरच्या बाईला कारखान्यातली कंत्राटी मजुरी किंवा बिगारीकाम याखेरीज पर्याय थोडेच. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. त्या कायद्याखाली कलाकाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःच्या नावाने नोंदणी करता येते. ती नोंदणी घरातल्या पुरुषाबरोबर बाईचीही व्हायला हवी. घरातल्या चौघांनी मिळून चित्र केले असेल तर खाली चौघांची नावे हवीत आणि बाईचा पैसा बाईच्या खात्यात जमा व्हायला हवा.

मैत्रिणींनो, आपल्या संघटनांनी एक काम लगेच हाती घ्यावे. आपापल्या भागातल्या म्हाताऱ्या सवाशिणींची आणि धवलेरींची नावे, त्यांच्या संमतीने, त्यांच्या चौकांसह लिहून ठेवावीत. म्हसे यांचे मोठेपण त्याने कमी होणार नाही. त्यांच्याआधी ज्या हातांनी ही भिंत रंगवली त्यांची ओळख मात्र राहील.