दुसरा संघ कोणाचा?

मुंबईसारख्या महानगरास हॉकीचे दोन व्यावसायिक संघ पोसता येतील काय, याची चर्चा हौसेने होते. पण तेथे पहिलाच संघ कोठे टिकला? २०१३ साली हॉकी इंडिया लीग सुरू झाली, तेव्हा ‘मुंबई मॅजिशियन्स’ मैदानात उतरला आणि दोन हंगामांत अस्तंगत झाला. त्याच्या जागी आलेला ‘दबंग मुंबई’ २०१७ साली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तोच लीगच बंद पडली. २०२४ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता!

फुटबॉलची कथा याहून निराळी नाही. २००७ साली स्थापन झालेला ‘मुंबई एफ.सी.’ आणि २०१४ चा ‘मुंबई सिटी’ हे तीन वर्षे एकाच नगरीत नांदले. २०१७ साली पहिल्याने गाशा गुंडाळला. मुंबईस माणसांचा तुटवडा होता असे कोण म्हणेल? कलकत्त्यात मोहन बागान (१८८९) व ईस्ट बंगाल (१९२०) हे दोन्ही जगले, कारण एकामागे जुने कलकत्तेकर आणि दुसऱ्यामागे पूर्व बंगालातून आलेली कुटुंबे उभी राहिली. विजयाच्या दिवशी घरात कोळंबी शिजावी की हिलसा, हेही तेथे संघावरून ठरते. असा संघ जाहिरातीने उभा करता येत नाही.

नगरकरांनी या वादात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, हा वाद मुळात आमचाच आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. तिच्यावर चेंडू ज्या वेगाने धावतो, तो मुरमाच्या मैदानावर वाढलेल्या मुलाच्या हातास अपरिचित असतो. मग निवडीच्या वेळी त्याची गुणवत्ता दिसावी कशी? धनराज पिल्ले हे खडकीच्या वस्तीतून आले हे खरे, परंतु एका धनराजांच्या भरवशावर धोरण आखता येत नाही.

तेव्हा मुंबईत दुसरा संघ काढू पाहणाऱ्या धनिकांनी आधी अहिल्यानगर, सोलापूर, जळगाव येथे कोणती मैदाने ते बांधणार व तेथील किती मुलांस संघाच्या प्रशिक्षणात घेणार, हे लेखी सांगावे. शासनानेही सवलतीचे कागद तोवर टेबलावरच ठेवावेत.