निरोप नेमका कुणाजवळ?

"उतरलो की फोन करतो" हे चार शब्द आपल्या घरातली मुले शंभरदा बोलतात. या चार शब्दांनी आमच्या घरात एका रात्रीत काय गोंधळ घातला, तो आज सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याला डोंगरांचे वेड. सोबत कुणी नसले तरी पाठीवर पिशवी टाकून एकटाच निघतो. गेल्या डिसेंबरात एका शनिवारी तो हरिश्चंद्रगडावर गेला. आईला सांगितले, "खिरेश्वरवरून चढतो. रविवारी उतरलो की फोन करतो." बहिणीने अर्थ घेतला, गड उतरला की फोन येणार, म्हणजे दिवस मावळायच्या आत. त्याच्या मनात होते, पुण्याला एसटीतून उतरलो की. म्हणजे रात्री अकरा-बारा. शब्द एकच, पण दोघांची घड्याळे वेगळी.

रविवारी सकाळी गडावर त्याचा बेत बदलला. आल्या वाटेने टोलारखिंडीत न उतरता तो दुसऱ्या अंगाला पाचनईकडे निघाला. वर एका ठिकाणी फोनला रेंज मिळाली. आईला फोन लावला तर तो लागेना. म्हणून त्याने मला दोन ओळी पाठवल्या, "मावशी, बेत बदलला. पाचनईला उतरतोय." मी स्वयंपाकघरात होते. वाचले, "बरं" म्हटले आणि कणीक मळायला घेतली. वाटले, आईला कळवलेच असेल. त्याला वाटले, मावशी आईला सांगेल.

पाचनईत पोचेपर्यंत शेवटची गाडी गेली होती. गावात रेंज नाही. एका घरी पिठलं-भाकरी खाऊन तो निवांत झोपला.

इकडे रात्री नऊपासून बहिणीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने त्याचे मित्र, खोलीतला सोबती, पोलीस, सगळ्यांना फोन केले. फक्त मला केला नाही. कारण काय, तर "ताईला बीपी आहे, तिला कशाला घाबरवायचं!" जिच्याजवळ निरोप होता, तिलाच कुणी विचारले नाही. खिरेश्वर पुणे जिल्ह्यात आणि पाचनई अहिल्यानगर जिल्ह्यात. चौकशी सगळी खिरेश्वरच्या बाजूला झाली. तिथली चार तरुण पोरे मध्यरात्री बॅटऱ्या घेऊन खिंडीकडे चढली. त्यातल्या एकाचा पाय दगडावरून घसरला आणि घोटा मोडला. हातावर पोट असलेला मुलगा, दीड महिना घरी बसला.

सोमवारी सकाळी भाच्याचा फोन आला तेव्हा बहीण रडलीही आणि ओरडलीही. तो म्हणाला, "आई, मी तर सांगितलं होतं!" खरेच, सांगितले सगळ्यांनीच होते. पुढच्या रविवारी आम्ही तिघे खिरेश्वरला गेलो. त्या पोराच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे भाच्याने दिले. त्याची आई एवढेच म्हणाली, "पोरगं सापडलं ना तुमचं? बास." मला मान वर करवेना.

अमेरिकेतील ॲरन राल्स्टनची हकिगत पुष्कळांना ठाऊक असेल. २६ एप्रिल २००३ रोजी हा २७ वर्षांचा तरुण युटा राज्यातल्या एका अरुंद घळीत एकटाच उतरला. सुमारे ३६० किलोचा धोंडा निसटला आणि त्याचा उजवा हात अडकला. कुठे जातो हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते. तो कामावर आला नाही, तेव्हा शोध सुरू झाला. अखेर १ मे रोजी साध्या चाकूने स्वतःचा हात कापून तो बाहेर पडला. त्यावर २०१० साली '१२७ अवर्स' हा चित्रपट निघाला. त्याला संगीत आपल्या ए. आर. रहमान यांचे आहे. राल्स्टनने निरोपच ठेवला नव्हता. आमच्या मुलाने ठेवला, पण अर्धा इथे, अर्धा तिथे. शोधणाऱ्याला दोन्हींचा उपयोग सारखाच.

त्यानंतर आमच्या घरी एक रीत पडली. निघताना कागदावर लिहून ठेवायचे: कोणत्या गावातून चढणार, कोणत्या गावात उतरणार, मुक्काम कुठे आणि किती वाजेपर्यंत वाट पाहायची. "संध्याकाळी" नाही, "रात्री दहा" असे. ती वेळ टळली की कुणाला फोन करायचा, तेही लिहायचे. निरोपाचे माणूस एकच. बेत बदलला तर त्यालाच कळवायचे आणि "मिळाला" असे उत्तर आल्याशिवाय निरोप पोचला असे धरायचे नाही. रेंज कमी असली तर बोलणे होत नाही, पण साधा एसएमएस पुष्कळदा जातो. अडचणीत ११२ नंबर आहेच.

आपल्यालाही पथ्य हवे. दर अर्ध्या तासाला फोन करून मुलांची बॅटरी संपवू नये. आणि घरातल्या थोरांना "घाबरतील" म्हणून वगळू नये.

कुणी म्हणेल, एकटे जावेच कशाला? मुलींच्या बाबतीत तर हमखास म्हणतील. मी तसे म्हणणार नाही. माझी नात येत्या सुट्टीत राजमाचीला जाणार आहे. तिचा कागद माझ्याजवळ राहील, आणि त्या दिवशी कणीक मळताना फोन माझ्या शेजारीच असेल.