केजीएफची खाण बंद झाली, बोलणारे आहेत

वारसा म्हटले की वाडे, किल्ले, देवळे. या सदरातही वर्दळ त्यांचीच. हाच निकष कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सला, म्हणजे केजीएफला लावला, तर हाती साहेबांचे बंगले, गंजलेले शाफ्ट आणि सायनाइडच्या मातीच्या टेकड्या लागतील. जॉन टेलर कंपनीने १८८०मध्ये पाय रोवल्यापासून २८ फेब्रुवारी २००१ला टाळे लागेपर्यंत इथून सुमारे ८०० टन सोने निघाले. ते काढायला तीन किलोमीटर खोल उतरणारी माणसे मुख्यतः उत्तर अर्काट, सेलम भागातून आलेली, तमिळ बोलणारी, बहुतेक दलित. गावातला खरा वारसा त्यांच्या बोलण्यात आहे आणि तो ध्वनिमुद्रित करणे हे बंगल्यांच्या डागडुजीआधीचे काम आहे.

कागदपत्रे पुरेशी आहेत, असे कुणी म्हणेल. कागद आहेत खरे, पण ते मालकाच्या गरजेपुरते. १९३०मध्ये कंपनीने मजुरांच्या बोटांचे ठसे घ्यायचा घाट घातला आणि संप झाला. कंपनीला माणूस ठशापुरता हवा होता; दप्तरातही तो बहुधा तेवढाच उरतो. १९४० ते १९४६ दरम्यान इथल्या सात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली, त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना सिलिकोसिस निघाला. हा आकडा भयंकर आहे. पण रात्रभर खोकणाऱ्या माणसाच्या उशाशी बसलेल्या बाईने घर कसे चालवले, हे त्या तक्त्यात कुठे असणार? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सहभागी शास्त्रज्ञांसह १९६५मध्ये याच खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वैश्विक किरणांतून जन्मलेले न्यूट्रिनो टिपले. त्याची नोंद विज्ञानात पक्की आहे. त्या खोलीवर रोज घाम गाळणाऱ्यांना हे पाहुणे कसे वाटले, हे विचारायला हवे.

आठवणी चुकतात, हा आक्षेप खरा आहे. इटलीतल्या तेर्नी या पोलादनगरीत एक कामगार १९४९मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. अनेकांनी मात्र तो १९५३च्या कामगारकपातीच्या दंगलीत मेल्याचे सांगितले. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने ही चूक खोडली नाही, वाचली. त्या माणसांच्या लेखी तो मृत्यू कशासाठी होता, हे चुकीच्या सालातूनच कळत होते. तारीख दप्तरातून घ्यावी, अर्थ माणसाकडून. आपल्याकडे नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या आवाजांचे पुस्तक २००४मध्ये आणले, तेव्हा गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहू लागले होते. उशीर झाला होता, तरी ते पुस्तक नसते तर १९८२चा संप आज बराचसा पुढाऱ्यांच्या नावानेच उरला असता.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: पहाटेची गाडी पकडून बंगळुरूला कामाला जाणाऱ्याला ध्वनिफीत काय देणार? रोजगार तर नाहीच; तसे भासवणे ही लबाडी ठरेल. म्हणून अटी हव्यात. मुलाखत तमिळमध्येच व्हावी, मूळ फीत गावातच राहावी, सांगणाऱ्याला आपले शब्द मागे घेण्याचा हक्क असावा. नाहीतर सोन्यासारख्याच आठवणीही बाहेर जातील. आणि हे लवकर व्हावे. २००१मध्ये शेवटची पाळी संपवून वर आलेला पन्नाशीचा कामगार आता पंचाहत्तरीच्या घरात आहे.