हसण्यावारी गेलेली चाल

परवा शिकवणीच्या एका मुलाने पेटीवर चाल वाजविली : सा सा, तार षड्ज, पंचम, मग तीव्र मध्यम आणि लगेच शुद्ध मध्यम. मी चमकलो. "हे मेगॅलोव्हेनिया, गुरुजी. सगळे यावर हसतात." "का?" त्याला ठाऊक नव्हते.

मग मीच शोध घेतला. चाल टोबी फॉक्स या अमेरिकन संगीतकाराची. २०१५ साली निघालेल्या त्याच्या 'अंडरटेल' या व्हिडिओ गेममध्ये सॅन्स नावाच्या सांगाड्याशी लढताना ती वाजते. ही लढत वाट्याला येते ती भेटेल त्याला ठार मारीत आलेल्या खेळाडूच्याच. जीवदान देणाऱ्याच्या नव्हे. म्हणजे चाल जाब विचारणारी! इंटरनेटवर मात्र तिचे मीम झाले. ५ जानेवारी २०२२ रोजी व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांच्यापुढे सर्कशीच्या कलावंतांनी तिच्यावर कसरतीही केल्या.

हसण्याला माझी हरकत नाही. पण दरबारात गायिलेले माझे वडील म्हणत, बंदिश तोंडी रुळली की आधी अर्थ हरवतो. मुलाला सारे सांगितले. तो गप्प झाला. मग तीच चाल त्याने सावकाश वाजविली. प्रथमच ती मला गाणे वाटली. मुलांना थट्टेपासून अडवू नये; थट्टेमागचे मूळ तेवढे सांगावे.